क्लेटनने वळलेला दोर

येलोनाईफच्या ईशान्येला, बिनझाडांच्या मुलखातून
९ सप्टेंबर १९७८

प्रिय क्लेटन,

तुम्ही सगळे खुशाल असाल. आमचं म्हणशील तर तुझी बहीण अजून मला शिव्या देते, तेव्हा ठीकच म्हणायचं. हे पत्र चहाच्या डब्यात घालून दगडांच्या ढिगाखाली ठेवतोय. ज्याला सापडेल तो टपालात टाकेल.

चव्वेचाळीस दिवस छान वल्हवलं. इडिथ पुढे, मी मागे. "मागे बसून नुसत्या गप्पा हाणतोस, वल्हं ओलं तरी कर!" हे रोजचंच.

मग एका संध्याकाळी जेवताना वारा फिरला आणि होडी पानासारखी उडवून सरोवरात घेऊन गेला. इडिथ दगडांतून तिच्यामागे धावली. घोटा मोडला. पीठ संपलंय. गळाला कधी मासा लागतो, कधी नाही. आज काठाला बर्फ धरलाय. आम्हाला न्यायला येणाऱ्या विमानवाल्याला मीच ऐटीत सांगितलं होतं, "नदीच्या मुखाशी दिसलो नाही तर शोधू नकोस, आम्ही वल्हवत वस्तीवर जाऊ." वस्ती दोनशे मैल.

"तू चालत जा," इडिथ म्हणाली.

"तीन नद्या काय उड्या मारून ओलांडू? आणि वाटेत भांडू कुणाशी?"

ती हसली. मग म्हणाली, "क्लेटनला लिही, तुझा दोर कच्चा निघाला. पण मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं. मी माफ केलंय."

क्लेटन, तुझा दोर तुटला नाही. मी होडी बांधलीच नव्हती. "बांधलीस का रे?" तिने विचारलं होतं. बोटं गारठली होती, सूप गरम होतं. "हो," म्हणालो. घोटा मोडून ती तंबूत कण्हत होती, तेव्हा मी तंबूला बांधून उरलेल्या तुझ्या दोराचा तुकडा कापला, तुटल्यासारखं दिसावं म्हणून टोक दगडावर घासून पिंजलं आणि तुकडा खडकाला बांधून ठेवला. तिला बाहेर आणून दाखवलंही. आरागिरणीत मुकादम म्हणून तीस वर्षं मी माणसांचं खोटं नुसत्या आवाजावरून पकडलं. माझं तिने पकडलं नाही.

इथवर लिहिलं आणि ती म्हणाली, "वाच बघू."

वाचलं. एक शब्द गाळला नाही.

"सूप गरम होतं," ती हळूच म्हणाली. त्यानंतर काही नाही.

दोन दिवस झाले. मासा भाजून दिला तर खाते. पाणी दिलं तर पिते. पांघरूण एकच आहे, त्यामुळे पाठीला पाठ लावून पडावंच लागतं. तिच्या पाठीची ऊब मला लागते, माझी तिला. त्याला आमचा दोघांचाही इलाज नाही.

खाली दोघांच्या सह्या करायच्या ठरल्या होत्या. पेन्सिल पुढे केली, तिने हात बाहेर काढला नाही.

म्हणून एकट्याचीच,
ऑर्व्हिल