डाव्या पायाची खबर

निपाणी, १२ जानेवारी १९२६

ती. अक्काताईस, धाकट्या भरमूचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. दाजींचा खोकला थांबला का?

चिकोडीच्या वाटेवर टपालाची थैली घेऊन अजून धावतो. डावा पाय मात्र वर्षभर निखाऱ्यावर ठेवल्यासारखा जळतोय. परवा त्यात बाभळीचा काटा घुसला, तो मला रक्त बघून कळला.

डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले. "सुई कळते का?"

नोकरी जाईल म्हणून मी म्हटलं, "व्हय, लई."

"अरे, अजून टोचलीच नाही."

नस मेली असेल, म्हणून आतून जळतं पण टोचलेलं कळत नाही, म्हणतात. तुलाही खोटंच, 'दुखत न्हाय' असं लिहिणार होतो. पण दमलोय गं. दाजींना विचार, थोडे दिवस तुमच्याकडं येऊ का?

तुझा,
भरमू