मागच्या खोलीची भिंत

चंदाचे बाबा,

मी दोनच्या गाडीनं अकोल्याले चंदाकडं चालली. भाकर अन् पिठलं झाकून ठेवलं आहे. खोकल्याचं औषध जेवल्यावर आठवणीनं घ्या.

तुमी घराच्या कागदासाठी तहसीलीत गेले अन् मागून घर पाहाले ते अमरावतीचे मास्तर आले. संगं बायको, तिच्या कडेवर लेकरू. घर त्यायले आवडलं होतं. मागच्या खोलीत ती बाई म्हणे, "मावशी, पाळणा इथंच बांधला तर चालन ना?" मले चूप राहवलं नाही. खदानीत ब्लास्टिंग झालं का या भिंतीले भेगा पडतात, परवाच पुट्टी भरून रंग दिला, सारं सांगून टाकलं. ते चहा न घेताच गेले.

चुकलं माह्यं. पुट्टीचा डब्बा मीच धरून उभी होती, तवाच बोलाले पाहिजे होतं. तुमी खोकलत खोकलत शिडीवर चढले, ते डोळ्यासमोरून हटत नाही.

या खदानीच्या धुळीत तुमाले आता ठेवत नाही. घर विकाची वाट न पाहता चंदाच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या पाहून येते. राग आला असन तर माह्यावर काढा, पण त्या भिंतीले पुन्हा हात लावू नका.

वच्छला