एक्केचाळीसच्या खाली काही येईना

३ एप्रिल, सकाळी ९
हवामान केंद्राचा चार्ज घेतला. केंद्र म्हणजे गवतावर एक पांढरी झडपांची पेटी, पेटीत तापमापक, आणि बाजूच्या खोलीत मी. आधीचे निरीक्षक काका रिटायर झाले. जाता जाता उपकरणांवर तासभर बोलले. मी मान डोलावली. लिहून घेतलं नाही, मेमरी चांगली आहे.
संकल्प: नाजूक काचेला हात लावायचा नाही. वाचायचं आणि लिहायचं.
कमाल ३७.

५ एप्रिल
कमाल ३९. बायको म्हणाली, उन्हाळा आहे. सामान्य माणसाला एवढंच दिसतं.

८ एप्रिल
कमाल ४१! आईची खोली थेट गच्चीखाली, आणि तिचं वय एक्क्याऐंशी. पंखा दिवसभर चालू ठेवायचा हुकूम काढला.

११ एप्रिल
४१. चौथा दिवस.
घाबरायचं नाही, शास्त्रीय पद्धतीने जायचं. हवामान ज्या ज्या गोष्टींनी ठरतं त्या एकेक तपासल्या. अक्षांश: होता तिथेच. समुद्र: तीनशे किलोमीटर, जवळ आल्याचं चिन्ह नाही. डोंगर: जागेवर. उंची: तीच. वारा: पश्चिमेचा, चक्क गार. म्हणजे यातल्या एकाचाही हात नाही. आता जास्तच भीती वाटतेय.

१३ एप्रिल
४१. शेजारी म्हणाले, काय मस्त हवा आहे. बिचारे! शरीराला सवय झाली की धोका कळत नाही. मी स्वतः सकाळी स्वेटर घातला होता. माझंही शरीर कामातून गेलेलं दिसतं.
आईच्या कपाळाला पाच वेळा हात लावून पाहिला. सहाव्या वेळी ओरडली.

१५ एप्रिल, दुपारी
धो धो पाऊस. छत्री घेऊन पेटीपर्यंत गेलो. ४१. भर पावसात! हातपाय गार पडले.

१६ एप्रिल
निर्णय. धाकटा भाऊ चौदाशे मीटरवर राहतो, आपण दोनशेवर. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात. आई तिकडे जाणार.
आई म्हणाली, मला इथेच बरं वाटतं, उलट त्या पंख्याने थंडी वाजते. मी वही दाखवली. बायको म्हणाली, आधी काकांना एक फोन तर करा. कशाला? काकांच्या वेळचं हवामान वेगळं होतं.

१८ एप्रिल
आईला गाडीत बसवलं. एवढीशी पिशवी घेतली होती. परत कधी, असं विचारलं. म्हटलं, आकडा उतरला की. गाडी सुटताना तिने हात हलवला नाही. उन्हाने थकली असेल. (ढगाळ होतं.)

२१ एप्रिल
मुख्य कार्यालयातून साहेबांचा फोन. चौदा दिवस एकच आकडा कसा, म्हणाले. चला, कुणीतरी जागं झालं! उद्या काकांना पाठवताहेत. मी अहवाल लिहायला घेतला. शीर्षक: ‘एका प्रदेशाचा शेवट’.

२२ एप्रिल, सकाळी
काका आले. पेटी उघडली. विचारलं, वाचल्यावर रोज झटकता ना? मी म्हटलं, काय?
या तापमापकातला पारा वर चढला की तिथेच थांबतो. वाचून झालं की झटकून खाली आणायचा असतो. तासभर तेच तर सांगत होतो, म्हणाले.
त्यांनी दोन झटके दिले. २८.
ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. उपकरणाच्या रचनेतच दोष आहे, असं माझं मत.

संध्याकाळी
आईला फोन केला. म्हटलं, आकडा उतरला, ये. ती म्हणाली, मी काय पारा आहे, वर-खाली करायला? मी कपाळाला हात लावण्याचा विषय काढला नव्हता, तिनेच काढला. धाकटा कपाळाला हात लावत नाही म्हणे. संध्याकाळी नुसता शेजारी येऊन बसतो.

२५ एप्रिल
कमाल ३०. झटकला.
आईच्या खोलीतला पंखा ती गेल्यावरही चालूच राहिला होता. बंद करायला गेलो आणि तासभर तिच्या खाटेवर बसलो.
रजेचा अर्ज लिहिला. कारण: केंद्राचं काम. खोडलं. कारण: आईला आणायचंय. ती नाहीच आली तर? खरंच भीती वाटतेय.
बायकोने बॅग भरून दिली. आकड्यांची वही मात्र काढून घेतली.