शेंड्यावरची बोंडं

माझ्या झेलमिरे,

मी बरा आहे. तू विणलेले मोजे पायात आहेत. आपल्या छोट्या एव्काचा खोकला गेला का?

बियांसाठी स्प्रूसच्या उंच झाडांची खवलेदार बोंडं काढतोय. काल पोती चुलीपाशी सुकायला ठेवली, तर ऊब लागून खवल्यांमधले चपटे तांबूस किडे जागे झाले आणि आमच्या अंथरुणांत शिरले. मी तर किंचाळलोच. मुकादम गाश्पारकाका हसले, "अरे, चावत नाहीत ते! बियांचा रस पितात. घाबरले की फटीत घुसून बसतात, बस."

बोंडं मात्र शेंड्यालाच लागतात. आज मी वर असताना वारा सुटला आणि झाड झुलायला लागलं. मी खोडाला मिठी मारून डोळे मिटले. थोड्या वेळाने खालून काका ओरडले, "अरे किड्या, उतर की! वारा कधीच थांबला!" मला ऐकू येत होतं, पण हातच सुटेनात. शेवटी काका वर आले आणि त्यांनी माझं एकेक बोट सोडवलं.

उद्या पुन्हा चढायचंय. एव्काला पापा दे. अक्षर थंडीमुळे वाकडं आलंय, असं आईला सांग. तुला म्हणून सांगतो, बोटं अजून उघडत नाहीत.

तुझाच,
क्रिश्टोफ