लिंबाची उरलेली फांदी

प्रिय अण्णा,

जय भीम. बॅटरी चार्जिंगला लावली आहे आणि ती भरेपर्यंत मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून लिहायला घेतलं. तुम्ही गेल्यापासून फांद्या कापायचं मशीन कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून होतं. आज मी ते बाहेर काढलं. उद्या सकाळी वस्तीतल्या आपल्या लिंबाची उरलेली फांदी मला उतरवायची आहे.

कालच्या वाऱ्यात ती आणखी खाली आली. बुडाशी चिरली आहे, नुसती सालीवर लोंबते आहे. तिच्याखालून अंगणवाडीची पोरं जातात. मी दोन्हीकडून दोरी बांधली, तर पोरं दोरीखालून वाकून जातात. दिवसभर दारात उभी राहून मी त्यांच्यावर ओरडत असते. आता माझा घसा बसला. हे सगळं सांगू तरी कुणाला? फांदी अर्धी ठेवून तुम्हीच गेलात, तेव्हा तुम्हीच ऐका.

मशीन तुमच्याच पद्धतीनं तपासलं. बॅटरी आधी बाहेर काढली, मगच साखळीला हात लावला. साखळी ढिली झाली होती, ती ताणली. ओढून पाहिली, तर जराशी उचलली गेली आणि परत जागेवर बसली. दात गोल कानशीनं एका बाजूनं घासले, मग दुसऱ्या बाजूनं. तेलाची टाकी भरली. तेल भरताना हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

आठवतं ना, शेंद्र्याच्या कंपनीत आपण बापलेक बागेचं काम करायचो तेव्हाचं? लांब दांड्याची ही करवत नवीन आली होती. पहिल्याच दिवशी तुम्ही तेल घालायला विसरलात, साखळी तापून धूर निघाला. चूक तुमची, आणि पुढं आठवडाभर तेलावर भाषण मात्र मला!

"भुसा पडाय लागला की समज, दात बोथट झालेत. धारेची साखळी असली की ढलप्या पडत्यात," असं तुम्ही सांगायचात. शहागंजच्या बाजारातून माझ्यासाठी चामड्याचे हातमोजे आणलेत ते दोन मापं मोठे. मी कुरकुरले तर म्हणालात, "हात वाढतील." पंचविशी उलटलेल्या पोरीचे हात कुठं वाढतात हो?

आणि रोज कामाला सुरुवात करताना तेच पालुपद. आधी वर बघ, तार हाय का. माणसं लांब कर. लांब फांदी शेंड्याकडनं तुकडे पाडत ये. आणि फांदी जिथं पडनार, तिथं आपला पाय नाय.

तिथं आपला पाय नाय. तुम्हीच म्हणायचात ना हे?

मग त्या दिवशी तुमचा पाय तिथं का होता?

लिंबाखालच्या ओट्यावर आपला निळा झेंडा आहे आणि ती फांदी नेमकी त्याच्यावर आली होती. मी म्हणाले, "अण्णा, घटकाभर झेंडा खाली घेऊ, मग कापू." तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "एकदा चढवलेला झेंडा आपन उतरवत नाय," एवढंच म्हणालात आणि मशीन सुरू केलंत. मी नियमाप्रमाणे रस्त्यावर हात पसरून पोरांना अडवत होते. दुसऱ्या कापाला फांदी मध्येच फाटली, पुढचा अर्धा भाग सुटला आणि वळून झेंड्याकडे यायला लागला. तुम्ही मशीन टाकलंत, ओट्यावर धावलात आणि दोन्ही हातांनी फांदी ढकलायला गेलात. मी ओरडले. तुम्हाला ऐकू आलं होतं का, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

डोक्यावर हेल्मेट होतं, पण फांदी मानेवर आली. झेंड्याला धक्काही लागला नाही. वस्तीतली माणसं येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगतात, अभिमानानं सांगतात. मला ते ऐकवत नाही.

मला तुमचा राग येतो, अण्णा. फार येतो. तुमच्या फोटोला हार घालताना येतो, आई एकटी जेवायला बसते तेव्हा येतो. घटकाभराचा तर प्रश्न होता.

पण राग धरावा तर तुमचं लहानपण आठवतं. नामांतराच्या धुमाळीत गावातली माणसं आपल्या घरांसमोर येऊन उभी राहिली होती. झेंडा उतरवा, नाहीतर पेटवून देऊ, म्हणाली. आज्यानं तुमच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हातानं झेंडा उतरवला. घरं वाचतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी तरीही पेटवली. मग आज्या तुम्हाला खांद्यावर घेऊन या शहरात आला, कारखान्यांच्या कुंपणाकडेला झोपडं बांधलं आणि मरेपर्यंत पुन्हा कधी झेंड्याचं नाव काढलं नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं त्या दिवशी तुम्ही वस्तीत झेंडा रोवलात आणि शेजारी लिंबाचं रोप लावलंत. तेव्हा आई नवी नवरी होती. ती सांगते, तुम्ही त्या दिवशी लहान पोरासारखे रडला होतात.

हे सगळं मला माहीत आहे, म्हणून तर माझी कोंडी झाली आहे.

फांदी उतरवायला याल का, असं तुमच्याबरोबर काम केलेल्या दोघातिघांना मी विचारलं. झेंडा खाली घ्या, लगेच येतो, असं सगळेच म्हणाले. त्यांचं बरोबरच आहे. चिरलेली फांदी कशी फिरेल याचा भरवसा नाही, आणि झेंडा तिथं असला की माणसाचं लक्ष झेंड्याकडे जाणार. मी ओट्यावर जाऊन वस्तीतल्या नानांना सांगितलं. तुमच्याबरोबर मोर्च्यात लाठ्या खाल्लेला माणूस. म्हातारा ताडकन उठून उभा राहिला.

"तुह्या बापानं जीव दिला, पर झेंडा नाय उतरू दिला. आन तू उतरवनार व्हय?"

"नाना, पोरं जातेत खालून."

"मंग झेंडा तसाच ठिवून काप. तुह्या बापाला जमलं, तुला का नाय जमत?"

"अण्णाला जमलं असतं तर अण्णा आज हितं बसले असते, नाना."

नाना खाली बसले आणि उपरण्यानं तोंड पुसत राहिले. मी घरी आले आणि मोरीत बसून पोटभर रडले. सगळ्या वस्तीसमोर मी तुम्हाला खोटं पाडलं असं मला वाटत होतं. बापाच्या शब्दापुढं लेकीनं जावं का? आणि नाही गेले, तर त्या फांदीखाली उद्या कुणाचं लेकरू सापडेल?

आई दारात येऊन उभी राहिली. तुम्ही गेल्यापासून ती लिंबाकडे बघत नाही, पाणी आणायलासुद्धा मागच्या गल्लीनं जाते. मला वाटलं, मशीन विहिरीत टाक म्हणेल. तिनं विचारलं, "तुह्या आज्यानं झेंडा कशापायी उतरवला व्हता?"

"भिऊन."

"आन तू?"

मी म्हणाले, "फांदी काढायला. परत चढवायला."

"मंग उतरव," आई म्हणाली. "मी धरीन. खाली टेकू देनार नाय."

एवढं बोलून ती भाकरी करायला गेली. नाना संध्याकाळी घरावरून गेले, थांबले नाहीत. ते उद्या ओट्यावर येतील की पाठ फिरवतील, मला ठाऊक नाही. मला भीती वाटते, अण्णा. फांदीची वाटते आणि त्यांच्या पाठीचीही वाटते.

बॅटरीवरचा हिरवा दिवा लागला. आता आटोपतं घेते.

अण्णा, मी तुम्हाला शब्द देते. उद्या उजाडल्यावर झेंडा मी माझ्या हातानं उतरवीन आणि घडी करून आईच्या हातात देईन. तुमचं अर्धं राहिलेलं काम आहे, म्हणून त्या दोघातिघांना न बोलावता मीच कापीन. आधी वर बघीन. पोरांना लांब उभं करीन. फांदी शेंड्याकडून तुकडे पाडत आणीन, बाजूला उभी राहून, आणि ती कुठंही पडो, कशावरही पडो, मी धावणार नाही. मग झेंडा पुन्हा चढवीन, आज्याला जे करू दिलं नाही तेवढं करीन. लिंबाला बाकी हात लावणार नाही. आणि आई भाकरी झाकून वाट बघत बसेल, तेव्हा मी घरी जेवायला येईन. तुम्ही नाही आलात. मी येईन.

मोठ्या मापाच्या हातमोज्यांतली,
तुमची सुजाता