म्हातारी वाटायची नाही

लिहून ठेवणार गुणाबाई भ्रतार कै. अनंता विशे, धंदा शेती, राहणार डोळखांबजवळ, तालुका शहापूर. कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून मी हे लिहवून घेत नाही. पोटात गाठ आहे, मनात राग आहे, पण डोके ठिकाणावर आहे. शहापूरच्या डॉक्टरांनी ही दिवाळी दिसेल असे सांगितले, पुढचे बोलले नाहीत. म्हणून उरकून घेते.

पहिले, घर. ते नवऱ्याचे, त्यामुळे माझा मुलगा बारकू याचे आहेच. त्यातून कोणी कोणाला बाहेर काढू नये.

दुसरे, ओढ्याकाठचे भाताचे खाचर. माझ्या बापाने म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत बैलजोडी विकली आणि ते माझ्या नावावर घेतले. ते माझे स्त्रीधन आहे. त्यावर माझे दीर कुंडलिक यांचा ढेकळाइतकाही हक्क नाही.

हे ठासून का लिहवून घेते तेही लिहा. माझा नवरा हिवतापाने गेला. तेराव्याचे जेवण जिरायच्या आत भावजींनी वाटणी मांडली. भांडी वाटली, बैल वाटले, मग आईबाप वाटले. सासूबाई तेव्हा हातीपायी धड होत्या. पोरे सांभाळतील, भात कांडतील. सासरे अर्धांगाने खाटेला खिळलेले. तेव्हा भावजी म्हणाले, "आये माजी, बाबा वहिनीचा." पंचांनी माना डोलावल्या आणि विडे खाऊन निघून गेले. त्यांच्या तोंडात किडे पडोत. हे वाक्य खोडू नये.

सासऱ्यांना पेज भरवायची, तान्ह्या लेकीला, जयाला, अंगावर पाजायचे, बारकूचे रडे काढायचे आणि मग लावणीला चिखलात उतरायचे. सासरे सासूबाईंची वाट बघत रोज विचारीत, "बाईजा आली का गो?" मी काय सांगू? भावजी आटगावला गवताच्या वखारीवर मुकादम. तिथून त्यांनी आईला एकदाही नवऱ्याच्या भेटीला आणले नाही. सासरे तसेच गेले. अग्नी द्यायला मात्र भावजी सगळ्यांच्या पुढे. गाव म्हणाले, "लेक असावा त असा!" त्यांची घाण काढली ती मी, आणि नाव झाले ते यांचे.

पुढे सासूबाईंची नजर गेली, कांडण थांबले. मग भावजी जत्रेच्या निमित्ताने इकडे आले आणि आईला माझ्या ओटीवर बसवून गेले. "चार दिस ठेव वहिनी, येताना नेतू." जत्रा उठली, विकले गेलेले बैल नव्या गोठ्यांत रुळले, भावजी फिरकले नाहीत. फिरकले ते माझ्या गाठीची बातमी लागल्यावर. खाचराच्या बांधावर उभे राहून म्हणाले, "बारकूला मी नेतू, गुरं राखंल. जयाला मामाकडं धाडा. आयेचं बघू." बघू म्हणे!

तिसरे. सासूबाई आणि माझी दोन्ही मुले यांची वाटणी होणार नाही. माझी नणंद सकुबाई मूलबाळ न होता विधवा झाली. ती तिघांनाही सांभाळायला तयार आहे. पण मूल नसलेल्या लेकीच्या घरी आई जेवत नाही, ही आमची रीत, आणि सासूबाई ती सोडायला तयार नाहीत. "उपाशी मरंन, पर लेकीचं नाय खानार." मी पाया पडले, भांडी आपटली. म्हातारी ढिम्म. लेकाने टाकलेले चालते, लेकीने सांभाळलेले चालत नाही! जळो ती रीत. पण ती जळेपर्यंत म्हातारीला दोन घास मिळायला हवेत.

म्हणून खाचर मी सासूबाई बाईजाबाई यांना देते. त्या आहेत तोवर भात त्यांचा. सकुबाईने याच घरात येऊन राहावे आणि तो भात रांधावा. मग म्हातारी लेकीचे खात नाही, लेक आईचे खाते. बोला आता! मुलांची पालक सकुबाई. लेकाने गोड हाक मारली म्हणून खाचर त्याला लिहून द्यायचा, विकायचा किंवा गहाण टाकायचा अधिकार सासूबाईंना नाही. त्यांच्यामागे ते बारकू आणि जया यांना निम्मे निम्मे. मुलीला जमीन कशाला, असे जो विचारील त्याने मला ती कोणी दिली ते आठवावे.

चौथे. कुंडलिकभावजींना मी काहीच देत नाही असे नाही. सासऱ्यांची खाट देते. त्यांनाही दोन लेक आहेत आणि वाटणी कशी करतात ते त्या दोघांनी घरातच पाहिले आहे.

इथवर वाचून दाखवले तेव्हा सासूबाई भिंत चाचपत जवळ आल्या. लेखनिकांना म्हणाल्या, "म्हंजी भात माजा?"

"होय, तुमचाच."

"मंग कुंडलिक आला त त्यालाबी वाढीन मी."

माझ्या अंगाची आग झाली. म्हटले, त्या माणसाला या खाचराचा एक दाणा मिळू नये असे लिहा. तशा सासूबाई म्हणाल्या, "जेवंल नि जाईल. पोरांना हात लावाया नाय देनार मी." लेखनिक मला म्हणाले, भात त्यांचा ठरला, तो कोणाला वाढायचा ते तुम्हाला सांगता येणार नाही.

बरे. मी जिवंत आहे तोवर त्याला या घरात ताट नाही. पुढचे म्हातारी बघेल.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, गुणाबाई भ्रतार अनंता विशे.
साक्ष: लडकू कमळू भोईर, सही. गोजर बारकू घरत, निशाणी अंगठा.
हस्ताक्षर: दत्तो बल्लाळ ओक, लेखनिक, शहापूर.
मुक्काम डोळखांब, ता. ११ सप्टेंबर १९४४.