भंडाऱ्याच्या शपथेवर दिलेला निकाल

लिहून ठेवणार मी, लालासाहेब तात्याबा शेडगे, वय बासष्ट, जातीने धनगर, पूर्वी संस्थानचा सेशन जज्ज, नंतर न्यायमंत्री, हल्ली मुक्काम सांगली. माझे डोके ठिकाणावर आहे. यकृत मात्र नाही. डॉक्टर एक वर्ष देतात. हे मी कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. उलट, लिहू नये म्हणूनच घरात तीन दिवस दडपण चालू आहे.

कलम १. सांगलीचे राहते घर व विहिरीकाठची चार एकर जमीन माझा मुलगा मानसिंग, वकील, यास. पत्नी चंद्राबाई हयात असेतो घर तिचे. तिला तिच्या स्वयंपाकघरातून कुणी हलवू नये. जमिनीची अट कलम ५ मध्ये.

कलम २. दरबारी पगडी व चांदीच्या मुठीची काठी मेहुणे भाऊसो यांस. मी जज्ज झालो त्या दिवशी ते चारचौघांत म्हणाले होते, "मेंढरं हाकणारं आता माणसं हाकणार." तेव्हापासून मी त्यांच्या घरचे पाणी घेतलेले नाही. आता वाटते, मेंढरेच हाकली असती तर एका माणसाचे वाटोळे तरी टळले असते.

कलम ३. कायद्याची सर्व पुस्तके गावच्या वाचनालयास. वडिलांनी अर्धा कळप विकून मला पुण्याला कायदा शिकवला. त्यांना वाचता येत नव्हते, पण रोज संध्याकाळी एखादे पुस्तक हातात घेऊन उगाच पाने उलटत.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही.

सन १९४३ मध्ये आमच्या भागातील कुरणाच्या राखणदाराचा खून झाला. आरोपी जाफर पिंजारी, लोकर पिंजायला आमच्या वस्त्यांवर फिरणारा. आदल्या दिवशी त्याची राखणदाराशी बाचाबाची झालेली. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार एकच, माझ्या गावचा सयाजी मेंढपाळ. जाफरच्या वकिलाने त्याला खोटारडा म्हटले, तसा त्याने कनवटीची पुडी सोडली, पिवळी चिमूट तळहातावर घेतली आणि म्हणाला, "बिरोबाचा भंडारा उचलून सांगतो, जाफरनंच मारलं."

देवाचा भंडारा उचलून आमच्यात कुणी खोटे बोलत नाही. मी दुसरा पुरावा मागितला नाही, की पुडी कुठून आणली हे विचारले नाही. जन्मठेप दिली. दरबारात त्या निकालाचे फार कौतुक झाले, आणि पुढल्याच वर्षी मी न्यायमंत्री झालो.

१९४६ च्या उन्हाळ्यात सयाजीने अंथरुणावरून मला बोलावणे धाडले. म्हणाला, "दादा, राखणदाराला माझ्या भावानं मारलं. आन् त्यो भंडारा न्हवता. द्येवाचा भंडारा हातात घिऊन खोटं बोलायची माझी छाती न्हाई. बायकूच्या डब्यातली हळद हुती ती." मी सगळे लिहून घेतले, खाली त्याचा अंगठा घेतला. चार दिवसांनी तो गेला. भाऊ त्याच्याही आधी गेलेला.

माफीचे कागद राजेसाहेबांपुढे ठेवणे हे माझेच काम. जाफरची बायको रहिमतबी दर बाजाराला अर्ज घेऊन माझ्या दारात बसे. तरीही मी सयाजीचा कागद पेटीत टाकून कुलूप लावले. जज्ज डब्यातल्या हळदीला फसला म्हणून लोक हसतील, एवढीच भीती. मी नीच वागलो. याला दुसरा शब्द नाही.

या महिन्यात संस्थान विलीन झाले, तेव्हा मी धावत राजेसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "शेडगे, महिनाभर आधी आला असता तर सही केली असती. आता आमचा शिक्का चालत नाही." जाफरला प्रांताच्या मोठ्या तुरुंगात हलवलेही होते. मुंबईच्या नव्या सरकारकडे अर्ज करावा म्हणून घरी येऊन पेटी उघडली, तर कागद नाही. मानसिंगने तो चुलीत घातला होता. वर मलाच सांगतो, "आबा, तुमचं नाव जाईल. माझी वकिली बसंल." मी पोरावर हात उचलला. आयुष्यात पहिल्यांदा.

कलम ५. म्हणून सयाजीची जबानी मी वर आठवेल तशी, शपथेवर उतरवली आहे. माझ्या मृत्यूनंतर मानसिंगने हा लेख कोर्टात हजर करून जाफरच्या सुटकेचा अर्ज चालवावा. त्याशिवाय जमीन त्याच्या नावे चढू नये; एका वर्षात न केल्यास ती रहिमतबीची. मुलाला मी चांगला ओळखतो. जमिनीसाठी तो हे करील.

इथवर लिहून काल रहिमतबीला बोलावले व सर्व वाचून दाखवले. वाटले, ती शिव्या देईल, आणि मला त्या हव्याही होत्या. तिने पदर सावरून शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "आवं सायेब, तुमी मरस्तवर त्यांनी आतच ऱ्हायाचं व्हय?"

मी टाक पुन्हा हातात घेतला. चंद्राबाई दारात उभी होती, ती खाली मान घालून आत गेली.

दुरुस्ती. कलम ५ मधील 'माझ्या मृत्यूनंतर मानसिंगने' हे शब्द खोडून 'मी स्वतः, उद्या' असे वाचावे. खोडलेल्या जागी दोन्ही साक्षीदारांच्या सह्या आहेत. हंबीरराव वकील म्हणतात, अशाने हे मृत्युपत्रच राहत नाही. न राहो. मुंबईला माझे कोण ऐकेल, ठाऊक नाही. हातात पुरावा नाही, नुसता शब्द आहे. रहिमतबी बरोबर येते म्हणाली आहे.

सही: लालासाहेब तात्याबा शेडगे
साक्षीदार: हंबीरराव आनंदराव माने, वकील
साक्षीदार: महंमद इमाम मुल्ला, निवृत्त शिरस्तेदार
सांगली, ता. २७ मार्च १९४८